हळद शिजवायचा बॉयलर दुसऱ्याच हंगामात गळायला लागला, कंपनी दाद देईना. काय करावं?

पूर्णाकाठ (ता. वसमत) | १७ फेब्रुवारी, रात्री ९:५०

राम राम मंडळी. माझी साडेतीन एकर हळद आहे, सेलम जातीची. त्यातली दोन एकर काढून आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) ढीग लावलाय आणि शिजवायचं यंत्र बंद पडलंय. झोप लागंना म्हणून लिहायलोय.

यंत्र म्हणजे लाकडावर चालणारा चार ड्रमचा वाफेचा बॉयलर. मधी भट्टी, तिच्या भोवती अन् वर पाण्याची टाकी, तिथून पाइपानं वाफ हळद भरलेल्या चारी ड्रममधी. गेल्या हंगामाच्या तोंडावर, डिसेंबरात घेतला. २ लाख ९० हजार. निम्मे घरचे, निम्मे पाहुण्याकडून हातउसने. गेला हंगाम चांगला गेला. घरची हळद शिजवली, शेजारच्या सात-आठ जणांची पैसे घेऊन शिजवून दिली, महिनाभर भट्टी थंड झाली नाही.

यंदा पाचव्या दिवशी दाब चढेना. जो ड्रम वीस मिनिटांत व्हायचा त्याला पाऊण तास लागायला लागला. सरपण दुप्पट. परवा भट्टीतून चर्र चर्र आवाज यायला लागला. सकाळी राख ओढली तर राखेचा चिखल. टॉर्च लावून बघितलं, खालच्या पत्र्याच्या जोडातून पाणी झिरपायलंय.

विकायच्या वेळी हे लोक चार वेळा घरी आले होते. आता पहिल्या दिवशी म्हणाले, उद्या मिस्त्री पाठवतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या जिल्ह्यात गेलाय. तिसऱ्या दिवशी दोष तुमच्या पाण्याचा आहे, वॉरंटी फक्त कॉक आणि मीटरची. काल म्हणाले, यंत्र वर्कशॉपला आणून टाका, भाडं तुमचं, मग बघू. वर्कशॉप इथून अडीचशे किलोमीटर. आज दुपारपासून फोन बंद.

बिलावर एकच ओळ आहे : हळद कुकर संच, १ नग. पुस्तक नाही, वॉरंटी कार्ड नाही.

गावातला वेल्डर म्हणतो आतून पट्टी मारतो, दोन तासांत चालू. मारावी का? कंपनीचं नाव आणि मालकाचा नंबर खाली देतोय, कुणी घेणार असाल तर सावध राहा.

*[नाव आणि नंबर काढला आहे. तक्रार जशीच्या तशी राहू द्या, पण दुसऱ्या बाजूला उत्तर द्यायची सोय नसताना इथं कुणाचं नाव नको. – व्यवस्थापन]*

केळीबाग (अर्धापूर) | १७ फेब्रुवारी, रात्री १०:२०

दादा, माझं यंत्र दुसऱ्या कारखान्याचं आहे, गत तीच. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी फुटली. नांदेडला सगळी दुकानं पालथी घातली, त्या मापाची नळीच नाही, कारण ह्यांनी नट स्वतःच्या मापाचे बनवलेत. नळी यायला सतरा दिवस लागले. तोवर अंदाजानं पाणी सोडलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

वाफेचा_माणूस (परभणी) | १७ फेब्रुवारी, रात्री १०:४५

भाऊ, बाकी सगळं बाजूला ठेवा. आधी भट्टी विझवा आणि पट्टी मारू नका.

मी साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या यंत्राबद्दल मला चार गोष्टी सांगा. पाणी कुठलं वापरता? खाली तळाला जो एक कॉक असतो तो दिवसातून किती वेळा उघडता? सेफ्टी व्हॉल्व्ह ह्या हंगामात एकदा तरी उडाला का? आणि गेल्या मार्चपासून ह्या जानेवारीपर्यंत यंत्र कुठं, कसं उभं होतं?

खरं सांगा. इथं कुणी तुम्हाला रागावणार नाही.

पूर्णाकाठ | १७ फेब्रुवारी, रात्री ११:१५

काका, भट्टी सकाळपासून बंदच आहे.

पाणी बोअरचं. पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर लावला होता, जास्त दाखवत नाही. खालचा कॉक गेल्या वर्षी पाणी रिकामं करायला एकदा उघडला होता, रोज उघडायचा असतो हे आज तुमच्याकडून कळालं. हंगाम संपल्यावर वरून ताडपत्री टाकून आखाड्यावर उभं केलं होतं. राख काढली नव्हती.

सेफ्टी व्हॉल्व्हचं सांगायला जड जातंय. गेल्या वर्षी त्यातून सारखी वाफ गळायची. कंपनीच्याच मिस्त्रीनं त्याच्या दांडीला तारेनं एक जुना बोल्ट लटकवून दिला, म्हणाला आता गळणार नाही. तो बोल्ट अजून तिथंच आहे. यंत्राच्या प्लेटवर दाब ०.९ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) लिहिलंय, पण यंदा पहिल्या दोन दिवसांत काटा दीडपर्यंत गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय. वाटलं, यंत्र जोरात चालायलंय.

वाफेचा_माणूस | १८ फेब्रुवारी, पहाटे ५:३०

रात्री तुमचं वाचून मीही जागाच राहिलो. सविस्तर लिहितो. यंत्र तुमच्या एकट्याकडं नाही, हिंगोली-नांदेड-परभणीत गावागावात आहे, म्हणून सगळ्यांनीच वाचा.

तो बोल्ट आजच्या आज काढा. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर उकळतं. दाब एक किलो झाला की ते १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं. अशा वेळी पत्रा फाटला तर दाब एका क्षणात उतरतो आणि त्या पाण्यातल्या काही भागाची तिथल्या तिथं वाफ होते. एक लिटर पाण्याची मोकळी वाफ सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. अंगावर येते ती ही वाफ, आणि भट्टीच्या तोंडाशी सरपण सारणारा माणूस सगळ्यात जवळ असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह त्या माणसासाठी असतो. तो गळत असेल तर त्याची बैठक घासून घ्यायची किंवा नवा बसवायचा. वजन लटकवलं त्या दिवशी तुमच्या यंत्राला व्हॉल्व्ह उरला नाही.

आता पाणी. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतं, पाणी किती कठीण आहे ते वेगळं सांगत नाही. साबणाला फेस येत नसेल, तुरीची डाळ लवकर शिजत नसेल, तर पाणी कठीण, इतकं आपल्या घरातल्या बायकांनाही माहीत असतं. वाफ निघून जाते, क्षार मागं राहतात. रोज टाकीत नवं पाणी येतं, रोज नवे क्षार येतात. जाळाच्या बाजूच्या पत्र्यावर आतून त्यांचा थर बसतो. थरातून उष्णता नीट जात नाही. मग जाळ वाढवावा लागतो, सरपण दुप्पट होतं, आणि जी उष्णता पाण्यानं घ्यायची ती पत्र्यात अडकते. पत्रा तापून ताणतो, आणि सगळ्यात आधी वेल्डिंगचा जोड सुटतो. तुमचं हेच झालेलं दिसतंय. तळाचा कॉक गाळ आणि दाट झालेलं पाणी बाहेर काढायला असतो. आमच्याकडं त्याला ब्लोडाउन म्हणतात.

तिसरं, राख. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ती हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळाभर ओली राख तळाच्या पत्र्यावर बसली की पत्रा बाहेरून खाते. म्हणजे तुमचा पत्रा आतून क्षारानं आणि बाहेरून राखेनं मार खातोय.

पण माझा राग कारखानदारावर आहे. कॉक बसवला म्हणजे त्याला ठाऊक होतं. यंत्र दिलं त्या दिवशी अर्धा तास उभं राहून हे सांगितलं असतं तर आज तुमच्यावर ही वेळ आली नसती.

रानवाट (ता. कळमनुरी) | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

दादा, यंत्राचं होईल तेव्हा होईल, ढिगाचं काय करणार ते सांगा. काढलेली हळद अशी पडून राहिली की सुकायला लागते, मग ती नीट शिजत नाही.

आमच्या बचत गटानं यंत्र यायच्या आधी सहा वर्षं काहिलीवर, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, हळद शिजवली. जुनी काहील कुणाच्या तरी गोठ्यात पालथी पडलेली असतेच, शोधा. जेठे गड्डे (मधले जाड मूळ कंद) वेगळे काढा, हळकुंडं वेगळी. दोन्ही एकत्र टाकली तर गड्डा कच्चा राहतो नाहीतर हळकुंड फुटतं. कंद बुडतील एवढं पाणी, वर हळदीचाच पाला आणि त्यावर भिजवलेलं गोणपाट. अडीच-तीन तास लागतील. फेस आला, हळदीचा तो खास वास सुटला की काडी टोचून बघा. काडी आरपार सहज गेली की उतरवा. एक हळकुंड मोडून पण बघायचं.

ड्रमला भोकं पाडून ते काहिलीतल्या पाण्यात सोडायची पद्धत कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात, ती आणखी बरी. अर्ध्या तासात एक ड्रम होतो, आणि तेच पाणी पुढच्या ड्रमला चालतं. काढताना सांडत नाही, बायकांच्या हाताला भाजत नाही. तुमच्या यंत्राचे चार ड्रम तर रिकामेच आहेत, पण त्यांना भोकं पाडू नका. पत्र्याचे जुने ड्रम बघा.

आमची काहील रिकामी आहे. टेम्पो पाठवला तर आज संध्याकाळपर्यंत पोचेल. भाडं नको, परत नीट धुऊन द्या.

पूर्णाकाठ | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

ताई, टेम्पो निघाला. उपकार विसरणार नाही.

काका, बोल्ट काढला.

नांगरट (जिंतूर) | १८ फेब्रुवारी, दुपारी १:०५

कडू बोलतोय, राग मानू नका. आपण ट्रॅक्टरचं ऑइल तासावर बदलतो आणि तीन लाखांच्या बॉयलरची राख वर्षभर काढत नाही. मग कंपनीच्या नावानं ओरडतो.

केळीबाग | १८ फेब्रुवारी, दुपारी १:३०

ट्रॅक्टरसोबत पुस्तक मिळतं भाऊ. पहिल्या सर्व्हिसचं कार्ड मिळतं, तालुक्याला डीलर असतो, फिल्टर मोंढ्याजवळ कुठल्याही दुकानात मिळतो. तासावर ऑइल बदलायचं हे आपल्याला जन्मतः माहीत नव्हतं, कुणीतरी सांगितलं. ह्यांनी काय सांगितलं? वजन लटकवायला शिकवलं.

पूर्णाकाठ | १८ फेब्रुवारी, रात्री ८:५०

नांगरटभाऊंचं मला पटतं. राख माझी चूक आहे, ती मी कंपनीवर ढकलणार नाही. पण तीन माणसं त्या भट्टीपुढं महिनाभर उभी होती, त्यात माझा चुलतभाऊ. त्या बोल्टाची चूक मी कशी पोटात घालू?

ठिणगी (लातूर एमआयडीसी) | १९ फेब्रुवारी, रात्री ९:००

मी फॅब्रिकेशनवाला. हळदीची यंत्रं बनवत नाही, गुऱ्हाळाच्या काहिली, चिमण्या, टाक्या करतो. दुसरी बाजू थोडी सांगतो.

ह्या धंद्यातले बरेच कारखाने म्हणजे एक शेड, चार वेल्डर आणि एक मालक. यंत्रं दिवाळीपासून जानेवारीपर्यंत विकली जातात आणि बिघाड सगळे फेब्रुवारी-मार्चच्या सहा आठवड्यांत एकदम येतात. फिरता मिस्त्री एकच. सगळ्यांना 'उद्या' सांगणं ही मालकाची सवय होऊन बसते. हे समर्थन नाही. ज्याला सहा आठवडे माणूस पुरवता येत नाही त्यानं तितकी यंत्रं विकू नयेत.

आता कामाचं. पट्टी का नको? खालचा पत्रा किती उरलाय ते तुम्हाला माहीत नाही. झिजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की पट्टीच्या कडेला तो आणखी जळतो, आणि पुढच्या आठवड्यात तिथंच नवी भेग. दाबाखालच्या भागाला पट्टी हा उपाय नाही. सडलेला भाग कापून पूर्ण नवा बसवायचा आणि मग टाकी पाण्यानं गच्च भरून हातपंपानं दीडपट दाब देऊन बघायचं. हवेनं कधीच तपासू नका, फुटली तर जीव जाईल. पाण्याच्या चाचणीत फुटली तर नुसतं पाणी गळतं.

पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक गेजनं मोजता येते, भोक पाडायची गरज नाही. नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला मोजणारे मिळतील. जिथं जाळ लागत नाही, राख बसत नाही, अशी वरची जागा आवर्जून मोजा. तिथला आकडा म्हणजे यंत्र बनवलं तेव्हाचा पत्रा.

आणि विचारा, पत्रा कुठल्या प्रतीचा? आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस २०६२ हा बांधकामाचा, शेडच्या खांबांचा पत्रा. बॉयलरसाठी आयएस २००२ वेगळा असतो, महाग असतो. कुणी काय वापरलं ते बिलावर असायला पाहिजे.

वाफेचा_माणूस | १९ फेब्रुवारी, रात्री ९:३५

ठिणगी साहेबांच्या शब्दाशब्दाशी सहमत.

त्या ०.९ बद्दल एक सांगतो. पाणी २५ लिटरपेक्षा जास्त आणि दाब एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ते भांडं कायद्यानं बॉयलर ठरतं. पूर्वी १९२३ चा कायदा होता, २०२५ मध्ये नवा आला, ही हद्द बदललेली नाही. बॉयलर ठरला की आराखड्याची मंजुरी, बनताना तपासणी, नोंदणी, चालवायला प्रमाणपत्रवाला माणूस, सगळं लागतं. ०.९ लिहिलं की ह्यातलं काहीच लागत नाही. लिहायला हरकत नाही, कमी दाबाची वाफ हळदीला पुरते. पण मग ०.९ च्या वर तो जाणारच नाही ही जबाबदारी एकट्या सेफ्टी व्हॉल्व्हवर येते, आणि त्यालाच त्यांच्या माणसानं बांधून ठेवलं.

वकीलताई (नांदेड) | २० फेब्रुवारी, रात्री १०:१०

उशिरा बघितलं. तीन-चार गोष्टी घाईनं करायच्या आहेत.

यंत्राला हात लावायच्या आधी पुरावा गोळा करा. गळतीचा, राखेचा, दाबाच्या प्लेटचा व्हिडिओ. तो बोल्ट आणि तार फेकली नसेल तर पिशवीत घालून ठेवा. मिस्त्री बोल्ट लटकवताना बघणारे कोण होते, त्यांची नावं लिहून ठेवा. कंपनीचे सगळे मेसेज, व्हॉइस नोट त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू नका. जाडी मोजली तर लेखी अहवाल, सही-शिक्क्यासह.

मग रजिस्टर पोस्टानं नोटीस. साध्या मराठीत चालते. कधी घेतलं, किती पैसे दिले, काय बिघडलं, कोणत्या तारखांना फोन केले, काय हवंय आणि किती दिवसांत. पंधरा दिवस द्या. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, फोन फुकट आहे आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. पुष्कळ वेळा तेवढ्यानं समोरचा बोलायला लागतो.

नाही बोलला तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे हिंगोलीलाच, तक्रार करता येते. कारखाना कुठंही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो.

एक अडचण आधीच सांगते, कारण समोरचा वकील हेच पहिलं बोलेल. तुम्ही शेजाऱ्यांची हळद पैसे घेऊन शिजवली. 'व्यापारी हेतूनं घेतलेली वस्तू' असं म्हणून ते तक्रार उडवायला बघतील. हे लपवू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत असं कायद्यातच स्पष्टीकरण आहे. तुमची शेती किती, यंत्रावर कोण राबतं, दुसऱ्यांची किती क्विंटल शिजवली, ते खरं खरं मांडा. शेतकरी हा ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बियाण्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलेलं आहे.

पूर्णाकाठ | २१ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

ताई, बोल्ट बांधावर फेकला होता. काल रात्री बॅटरी घेऊन दोघं शोधत होतो. सापडला.

पूर्णाकाठ | ९ मार्च, रात्री ९:१५

इतके दिवस लिहायला सवड नव्हती. सगळी हळद काहिलीवर शिजवली. साडेतीन एकराला एकोणीस दिवस लागले, जे यंत्रावर सहा दिवसांचं काम. सरपण पुरंना म्हणून पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरची वेडी बाभूळ, जे मिळेल ते जाळलं. पहिल्या चार काहिली कमी-जास्त झाल्या, पुढं हात बसला. आता पसरलीय वाळायला. शेवटचे ढीग थोडे सुकून गेले होते, त्यांचा रंग फिका वाटतो. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले होते, आणि त्याच हळदीचा रंग यंत्राच्या पायी उतरलेला बघायचा. लई वाईट वाटतं.

जाडी मोजून आणली. खालचा पत्रा जिथं गळतो तिथं २.६ मिमी. हे अपेक्षित होतं. ठिणगी साहेबांनी सांगितल्याप्रमाणं वरची, जाळ न लागणारी जागा चार ठिकाणी मोजली. सगळीकडं ४ मिमीच्या आत-बाहेर. विकताना मालकानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या व्हॉइस नोटमध्ये स्पष्ट आहे : "सहा एमएमच्या खाली आपण प्लेटच वापरत नाही." ती नोट जपून ठेवलीय.

नोटीस गेली. १९१५ वर क्रमांक मिळाला.

नांगरट | ९ मार्च, रात्री ९:४०

सहा सांगून चार दिला? मग माझे शब्द मागं घेतो दादा. राख काढली असती तरी हा पत्रा फार तर दोन-तीन हंगाम पुढं गेला असता.

चुलवाण (ता. निलंगा) | १० मार्च, सकाळी ११:००

आमचं गुऱ्हाळ आहे, वाफेचं नाही, पण जाळाचं थोडं कळतं. तुमच्या फोटोत बाभळीची ओली खोडं दिसतायत. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. अर्धा जाळ ते पाणी उडवण्यात जातो आणि धूर धरतो. चिमणीत आणि थंड पत्र्यावर तो काळा चिकट धूर बसतो, तोही पत्रा खातो. सरपण दिवाळीआधी तोडून, फाडून, छपराखाली हवेशीर रचायचं. आमच्याकडं चिपाड (रस काढलेला ऊस) कडकडीत वाळल्याशिवाय चुलवाणात, म्हणजे गुळाच्या भट्टीत, जात नाही, गुळाचा रंग जाळावर असतो.

पूर्णाकाठ | २८ मे, दुपारी ३:३०

पुढचं सांगतो.

नोटिशीनंतर बाराव्या दिवशी फोन आला. आधी आवाज चढवून बोलले. जाडीच्या अहवालाचा आणि त्यांच्याच व्हॉइस नोटचा उल्लेख केला तेव्हा आवाज खाली आला. पहिला प्रस्ताव होता, तक्रार मागं घ्या, पट्टी फुकट मारून देतो. नाही म्हणालो. दुसरा, नवी टाकी निम्म्या किमतीत. वकीलताईंना विचारून उत्तर दिलं : भट्टी आणि पाण्याची टाकी पूर्ण नवी, ६ मिमी, पत्र्याची प्रत बिलावर लिहून, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा, काचेची नळी बाजारात मिळणाऱ्या मापाची, पाण्याची चाचणी माझ्यासमोर, नेण्या-आणण्याचं भाडं त्यांचं. राखेची चूक माझी होती म्हणून मजुरीचे १८ हजार मी देईन. सगळं कागदावर. नाहीतर हिंगोलीला आयोगात भेटू.

तीन आठवडे शांतता. मग कागद आला, सही करून.

हंगामात जे नुकसान झालं ते मिळालं नाही. एकोणीस दिवसांची मजुरी, सरपण, फिक्या हळदीचा उतरलेला भाव. मागायला हवं होतं असं घरातले म्हणतात. ताई म्हणाल्या मागता आलं असतं, पण मला पुढच्या जानेवारीत यंत्र उभं पाहिजे होतं.

वाफेचा_माणूस | २८ मे, संध्याकाळी ६:००

चाचणीच्या दिवशी मला घेऊन चला. एसटीनं येईन.

पूर्णाकाठ | २ ऑगस्ट, रात्री ८:४५

काल काका आणि मी वर्कशॉपला होतो. काकांनी टाकी गच्च भरून घेतली, हवा सगळी काढून टाकली, हातपंपानं दाब १.३५ वर नेला आणि अर्धा तास काट्याकडं बघत स्टुलावर बसून राहिले. एका जोडावर घाम दिसला. मिस्त्री म्हणाला, हे चालतंय. काका म्हणाले, चालत नाही. उतरवून, तो जोड घासून, पुन्हा वेल्डिंग करून, पुन्हा भरून, पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या वेळी कोरडा.

परत निघताना तिथला एक पोरगा, विशीतला वेल्डर, काकांजवळ आला आणि विचारायला लागला की घाम का चालत नाही. काकांनी त्याला जमिनीवर खडूनं आकृती काढून दाखवलं. गाडी अर्धा तास थांबवली आम्ही.

रानवाट | ३ ऑगस्ट, सकाळी ६:५५

आमचं पण यंत्र बघायला या काका. पंधरा बायका त्याच्यापुढं उभ्या असतात.

वाफेचा_माणूस | ३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

दिवाळीनंतरची तारीख सांगा. यायच्या आधी राख काढून ठेवा, तळाचा कॉक उघडतो का ते बघा. जाम असेल तर जोर लावू नका, मी आल्यावर बघू.

नवखा_सेनगाव | १४ जानेवारी, सकाळी १०:२०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. पूर्ण धागा वाचला. आम्ही भावाभावांनी यंदाच असंच यंत्र घेतलं, पुढच्या आठवड्यात पहिला जाळ. आम्हालाही पुस्तक मिळालेलं नाही. पूर्णाकाठ दादा, तुम्ही आता रोज नेमकं काय करता?

पूर्णाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९:३०

भाऊ, आमचं यंत्र चार दिवसांपासून चालू आहे. ड्रमला अठरा मिनिटं लागायलेत.

पाणी बोअरचं बंद केलं, शेततळ्यातलं पावसाचं पाणी वापरतो, कापडातून गाळून. शेततळं नसेल तर कालव्याचं पाणी बोअरपेक्षा बरं. सकाळी जाळ घालायच्या आधी काचेच्या नळीत पाणी बघायचं, नळीचे दोन्ही कॉक उघडून-लावून, कारण नळी तुंबली की खोटी पातळी दाखवते. दाब थोडा चढला की तळाचा कॉक पाच-सहा सेकंद पूर्ण उघडून लावायचा. दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा. पाइपाचं तोंड माणसांपासून लांब, चरात सोडलंय. पहिल्या दिवशी दुधासारखं पांढरं पाणी आलं, आता स्वच्छ येतं.

सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी दर सकाळी एकदा हातानं उचलून वाफ सोडून बघतो. हातमोजा घाला, तोंड बाजूला ठेवा. काटा ०.८ वर गेला की सरपण थांबवतो.

सगळ्यात महत्त्वाचं. कधी विसरून पाणी नळीच्या खाली गेलंच, तर घाबरून वरून थंड पाणी सोडू नका. तापलेल्या पत्र्यावर एकदम पाणी पडलं की तिथंच घात होतो. लाकडं बाहेर ओढा, जाळावर राख-माती टाका, सगळ्यांना लांब करा, आपोआप थंड होऊ द्या. हे काकांनी माझ्याकडून आणि चुलतभावाकडून तीनदा म्हणवून घेतलंय.

हंगाम संपला की राख झाडून, टाकी रिकामी करून, आतून वाळवून, छपराखाली. ताडपत्रीवर भागवू नका.

आणि तुमच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा फोटो आज रात्रीच इथं टाका. दांडीला काही बांधलेलं नाही ना, ते काकांना बघू द्या. मगच जाळ घाला.